गेम कन्सोलसाठी व्हिडिओ केबल कशी निवडावी

केबल चित्र सुधारत नाही. कन्सोलने तयार केलेले चित्र टीव्हीपर्यंत पोहोचेतो त्यातले किती हरवते, एवढेच तिच्या हातात असते. ‘ही केबल लावा, पिक्चर एकदम क्लिअर येईल’ असे दुकानात सांगितले जाते तेव्हा हे लक्षात राहत नाही. मग कोणी गरज नसताना महागडी केबल घेतो, तर कोणी काही शे रुपयांच्या केबलने मोठा फरक पडला असता तिथे जुन्या पिवळ्या पिनवरच वर्षानुवर्षे भागवतो. खरेदीला निघण्याआधी कन्सोलमधून कोणकोणत्या प्रकारचा सिग्नल बाहेर पडू शकतो आणि घरचा टीव्ही त्यांपैकी कोणकोणता स्वीकारतो, हे दोन्ही पाहून घ्यावे. दोन्हीकडे जे प्रकार जुळतात, त्यांतला सर्वांत कमी नासाडी करणारा प्रकार आपला. टीव्हीची पाठ भिंतीला लागलेली असेल तर मोबाइलचा कॅमेरा मागे सरकवून सॉकेटचे छायाचित्र काढावे आणि तेच दुकानात दाखवावे. ‘तीन पिनवाली’ किंवा ‘पाच पिनवाली’ अशा वर्णनावरून हमखास चुकीची वस्तू हाती पडते.

हा प्रश्न जुन्या कन्सोलच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे, कारण प्लेस्टेशन २ किंवा निन्टेंडोचा वी यांसारख्या यंत्रांमधून एकच चित्र अनेक प्रकारे बाहेर काढता येते आणि त्या प्रकारांमध्ये डोळ्यांना सहज दिसावा इतका फरक असतो. एचडीएमआयच्या काळातील कन्सोलचा हिशेब वेगळा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

पिवळ्या पिनमध्ये काय बिघडते

पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांच्या नेहमीच्या केबलमध्ये पांढरी आणि लाल पिन आवाजासाठी असते आणि संपूर्ण चित्र एकट्या पिवळ्या पिनमधून जाते. याला कॉम्पोझिट म्हणतात. चित्रातील उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती कन्सोलमध्ये एकत्र मिसळली जाते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. आपल्याकडील रंगीत टीव्हीच्या पाल पद्धतीत रंगाची माहिती सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेली असते, आणि चित्रातील बारीक तपशील नेमके त्याच पट्ट्यात येतात. त्यामुळे टीव्हीचा गोंधळ होतो. बारीक पट्ट्यांच्या शर्टावर नसलेले इंद्रधनुषी रंग उमटतात, लाल अक्षरांच्या कडेला सरपटणाऱ्या ठिपक्यांची साखळी दिसते, आणि हे टाळण्यासाठी टीव्ही बारीक तपशीलच पुसून टाकू लागला की सगळे चित्र धुरकट होते. क्रिकेटच्या गेममधील धावफलकाची लहान अक्षरे किंवा गाड्यांच्या शर्यतीतील कोपऱ्यातला नकाशा पाहिला की हे लगेच ध्यानात येते. पिवळी केबल कितीही जाड आणि सोनेरी टोकांची घेतली तरी हे दोष जात नाहीत, कारण मिसळण्याचे काम केबलच्या आधीच, कन्सोलच्या आत झालेले असते.

याच्या वरची पायरी एस-व्हिडिओची. त्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात, त्यामुळे सरपटणारे ठिपके नाहीसे होतात. मात्र चार टाचण्यांचे हे गोल सॉकेट आता जुन्या मोठ्या काचेच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या, टीव्हींवरच सापडते. युरोपात २१ टाचण्यांच्या स्कार्ट सॉकेटमधून लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग सुटे मिळतात, आणि तिकडचे जुन्या कन्सोलचे शौकीन त्याच केबलची शिफारस करतात. ती शिफारस वाचून भारतात स्कार्ट केबल मागवण्यात फारसा अर्थ नाही, कारण आपल्याकडच्या टीव्हीवर ते सॉकेट क्वचितच असते. जपानी कन्सोलबरोबर येणारी २१ टाचण्यांची केबल दिसायला अगदी स्कार्टसारखी असते, पण तिची जोडणी निराळी असते. ती युरोपीय सॉकेटमध्ये खुपसल्यास उपकरणाला इजा होऊ शकते.

आपल्याकडे खरा उपयोगाचा मार्ग कॉम्पोनंटचा आहे. त्यात चित्रासाठी हिरवी, निळी आणि लाल अशा तीन पिना असतात. हिरव्या पिनमधून उजेडाची संपूर्ण माहिती जाते, उरलेल्या दोहोंतून रंगाचे फरक जातात, आणि कुठेही मिसळामिसळ होत नाही.

प्लेस्टेशन २ वर कॉम्पोनंट केबल बसवणे

प्लेस्टेशन २ हा २००० साली जपानमध्ये बाजारात आलेला कन्सोल महाराष्ट्रातील कित्येक घरांत अजूनही चालू स्थितीत आहे, आणि त्याच्याबरोबर पेटीत आलेली केबल बहुधा पिवळ्या पिनचीच असते. त्याच्या पाठीमागचे चपटे सॉकेट प्लेस्टेशन १ आणि प्लेस्टेशन ३ वरही तेच आहे, त्यामुळे प्लेस्टेशन ३ साठी विकली जाणारी कॉम्पोनंट केबल यालाही चालते. प्लेस्टेशन १ ला मात्र ती केबल बसली तरी उपयोग होत नाही, कारण त्या यंत्रातून कॉम्पोनंट सिग्नल निघतच नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत अशा केबली शोधता येतात, ऑनलाइनही मिळतात. केबल हातात घेतल्यावर रंगांपेक्षा तिची बांधणी पाहावी. चित्राच्या तिन्ही तारा स्वतंत्र आवरणाच्या आणि अंगाने भरीव असाव्यात. पाचही तारा मिळून एकच बारीक, लवचीक दोरी झालेली असेल तर आत तारांभोवतीची जाळी नावापुरतीच असते, आणि मग एका तारेतला सिग्नल दुसरीत झिरपून वस्तूंच्या उजव्या बाजूला फिकट सावली दिसते किंवा उजळ दृश्याबरोबर आवाजात गुणगुण येते. अशा स्वस्त कॉम्पोनंट केबलपेक्षाही पिवळी पिन बरी, असे मात्र नाही. तुलनेत कॉम्पोनंटच सरस ठरते. पण मूळ कंपनीची जुनी केबल चांगल्या स्थितीत मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

केबल बदलण्याआधी, पिवळी पिन लावलेली असतानाच, कन्सोलच्या सेटिंगमध्ये एक बदल करून ठेवावा. डिस्क न घालता यंत्र सुरू केल्यावर येणाऱ्या यादीत ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’ उघडावे, त्यातील ‘कॉम्पोनंट व्हिडिओ आउट’ या ओळीवर जावे आणि ‘आरजीबी’ ऐवजी ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’ हा पर्याय निवडावा. हे राहून गेले तर नवी केबल लावल्यावर रंग विचित्र येतात किंवा चित्र स्थिरच राहत नाही, आणि केबल खराब निघाली अशी समजूत करून घेऊन माणूस ती परत करायला निघतो.

आता पिना जोडायच्या. कॉम्पोनंट केबलला लाल पिना दोन असतात, एक चित्राची आणि एक उजव्या कानाच्या आवाजाची, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच असते. चित्राची लाल पिन हिरव्या-निळ्या जोडगोळीबरोबर बांधलेली असते, आवाजाची पांढऱ्या पिनबरोबर. दोन्हींची अदलाबदल झाली की चित्रातला तांबूसपणा जाऊन चेहरे हिरवट-निळसर होतात आणि स्पीकरमधून घरघर ऐकू येते. एकदा बरोबर जोडणी झाल्यावर चित्राच्या लाल पिनभोवती काळ्या चिकटपट्टीचा वेढा देऊन ठेवावा; पुढच्या दिवाळीत साफसफाईसाठी सगळे सोडवून पुन्हा जोडताना तो उपयोगी पडतो.

बऱ्याच टीव्हींवर जागा वाचवण्यासाठी हिरवे आणि पिवळे सॉकेट एकच केलेले असते आणि त्यावर ‘वाय/व्हिडिओ’ असे लिहिलेले असते. अशा टीव्हीवर कॉम्पोनंटच्या तिन्ही पिना बरोबर लावूनही चित्र कृष्णधवल आले तर घाबरू नये. टीव्हीने हिरव्या पिनमधला उजेड पिवळ्या पिनचा समजून दाखवला, एवढाच त्याचा अर्थ आहे. रिमोटवरून स्रोत निवडताना ‘एव्ही’ ऐवजी ‘कॉम्पोनंट’ निवडले की रंग येतात. काही टीव्हींना आरसीए, म्हणजे या रंगीत पिनांची, सॉकेटच नसून हेडफोनसारखे एक छोटे छिद्र असते आणि टीव्हीच्या पेटीत त्यासाठी आखूड जोडतार दिलेली असते. ही जोडतार हरवली असेल तर त्याच टीव्हीसाठी सांगितलेली घ्यावी, कारण छिद्राचा आकार सारखा असला तरी आतली जोडणी सर्व कंपन्यांची एकसारखी नसते.

अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेला कन्सोल असेल तर कॉम्पोनंटचा आणखी एक फायदा होतो. तिकडचा कन्सोल एनटीएससी पद्धतीचा रंग पाठवतो, आणि फक्त पाल समजणाऱ्या जुन्या टीव्हीवर पिवळ्या पिनमधून तो कृष्णधवल दिसतो. कॉम्पोनंटमध्ये रंग कोणत्याच लहरीवर बसवलेला नसल्याने हा प्रश्न उरत नाही. टीव्हीला फक्त सेकंदाला ६० वेळा बदलणारे चित्र स्वीकारता आले पाहिजे. अर्थात असा कन्सोल आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावण्याआधी त्याच्या पाठीवर छापलेला व्होल्टेजचा आकडा वाचावा. तिथे १२० असेल तर आधी ट्रान्सफॉर्मर, मग केबल.

एवढे करून काय मिळते, याची अपेक्षा नेमकी ठेवावी. प्लेस्टेशन २ चे बहुतेक गेम ४८०आय किंवा पाल असल्यास ५७६आय चित्र देतात, म्हणजे तितक्या ओळींपैकी एका वेळी सम किंवा विषम ओळीच पाठवतात, आणि केबल बदलल्याने त्यात भर पडत नाही. काही गेम सुरू होताना त्रिकोण आणि फुलीची बटणे एकत्र दाबून धरली की ४८०पी, म्हणजे सर्व ओळी एकदम येणारे चित्र, निवडता येते. ते फक्त कॉम्पोनंटमधूनच चालते, पिवळ्या पिनमधून नाही. ‘ग्रॅन टुरिस्मो ४’च्या अमेरिकी आवृत्तीत तर १०८०आयचाही पर्याय आहे. मात्र पाल आवृत्ती तयार करताना अनेक गेममधून अशा सोयी वगळल्या गेल्या होत्या, त्यामुळे भारतात विकत घेतलेल्या डिस्कमध्ये त्या न सापडल्यास दोष केबलला देऊ नये.

चित्रात वरून खाली सावकाश सरकणारे फिकट पट्टे दिसत असतील तर केबल बदलण्याआधी टीव्हीची केबलवाल्याची किंवा डिशची वायर काढून पाहावी. ती काढताच पट्टे गेले तर दोष दोन उपकरणांच्या अर्थिंगमधल्या फरकाचा आहे आणि नव्या केबलने तो जाणार नाही.

जुना कन्सोल, नवा टीव्ही

अलीकडच्या टीव्हींवरून कॉम्पोनंट सॉकेट नाहीसे होत चालले आहे आणि उरतात फक्त एचडीएमआयची छिद्रे. इथे बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली म्हणजे पिवळी-पांढरी-लाल पिन घेणारी छोटी डबी. ती आधीच मिसळलेले, धुरकट चित्र घेते आणि ते ७२०पी किंवा १०८०पी पर्यंत ताणून पुढे देते. डबीवर ‘१०८०पी’ लिहिलेले असले तरी तो ताणलेल्या चित्राचा आकार असतो, तपशिलाचा नव्हे. शिवाय या डब्या बहुतेकदा थोडा उशीर करतात आणि बटण दाबल्यानंतर पात्र उडी मारेपर्यंतचे अंतर जाणवू लागते. त्यातही ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ या उलट दिशेच्या डब्या दिसायला जुळ्या असतात. बिल देण्याआधी वरचा बाण वाचावा.

दुसरी वस्तू म्हणजे प्लेस्टेशन २ च्या सॉकेटमध्ये थेट बसणारा किंवा कॉम्पोनंटच्या पिना घेणारा बदलकर्ता. तो उजेड आणि रंग सुटे असतानाच घेतो, म्हणून चित्र पिवळ्या पिनपेक्षा स्वच्छ येते. यालाही वर सांगितलेले कॉम्पोनंटचे सेटिंग आवश्यक असते. स्वस्त बदलकर्ता मात्र सम-विषम ओळी जुळवण्याचे काम स्वतः करत नाही, ते टीव्हीवर सोडतो, आणि काही टीव्ही ते नीट करत नाहीत.

त्याहून जुन्या, २४०पी चित्र देणाऱ्या गेमची अडचण आणखी निराळी आहे. प्लेस्टेशन १ चे गेम प्लेस्टेशन २ वर लावले तर हेच चित्र निघते. पुष्कळ सपाट टीव्ही त्याला ४८०आय समजून उगाच ओळी जुळवत बसतात, आणि काही तर कॉम्पोनंटमधून आलेले २४०पी चित्र दाखवतच नाहीत. यासाठी ओएसएससी किंवा रेट्रोटिंक यांसारखी खास याच कामासाठी बनवलेली उपकरणे आहेत. ओएसएससी जवळजवळ काहीही उशीर न करता प्रत्येक ओळ दुप्पट-तिप्पट करून पाठवते. रेट्रोटिंक ५एक्स सम-विषम ओळींची जुळणी अधिक चांगली करते. ही उपकरणे उत्तम आहेत, पण जुन्या कन्सोलच्या किमतीपेक्षा त्यांची किंमत सहज जास्त होते. ज्याच्याकडे गेमचा मोठा संग्रह आहे त्यानेच त्या वाटेला जावे; इतरांनी कोणाच्या माळ्यावर पडलेला काचेचा टीव्ही मिळतो का ते पाहावे, कारण तो २४०पी आणि ४८०आय दोन्ही मूळ स्वरूपातच दाखवतो.

वी या कन्सोलला त्याची स्वतंत्र कॉम्पोनंट केबल लागते आणि तिच्यामुळे ४८०पी चित्र मिळते. पिवळ्या पिनवर हा कन्सोल ४८०आय किंवा पाल असल्यास ५७६आयच्या पुढे जात नाही. केबल लावल्यावर सेटिंगमध्ये टीव्ही रिझोल्यूशन बदलायला विसरू नये. २००५ च्या मूळ एक्सबॉक्स ३६० ला एचडीएमआय नव्हते, ते २००७ पासून आले. जुन्या यंत्राच्या कॉम्पोनंट केबलच्या डोक्यावर टीव्ही आणि एचडीटीव्ही असे लिहिलेले एक सरकते बटण असते, आणि ते चुकीच्या बाजूला असेल तर पडदा कोरा राहतो. प्लेस्टेशन ३ ला सुरुवातीपासूनच एचडीएमआय सॉकेट आहे, पण पेटीत केबल पिवळ्या पिनची दिली जात असे, म्हणून अनेकांनी हा कन्सोल वर्षानुवर्षे त्याच धुरकट चित्रात पाहिला. तिथे साधी एचडीएमआय केबल लावणे एवढाच उपाय आहे. केबल बदलल्यावर चित्र आले नाही तर कन्सोल बंद करून पॉवरचे बटण दुसरा ‘बीप’ ऐकू येईपर्यंत दाबून ठेवावे. व्हिडिओचे सेटिंग मूळ स्थितीला येते.

एचडीएमआय: पोहोचते किंवा पोहोचत नाही

एचडीएमआयमधून आकडे जातात. ते बरोबर पोहोचले तर स्वस्त आणि महाग केबलचे चित्र तंतोतंत सारखे असते. चुकले तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर काळे होते, आवाज तुटतो किंवा काहीच दिसत नाही. रंग फिके, काळा रंग करडा किंवा चेहरे मऊ दिसणे हा एचडीएमआय केबलचा दोष नव्हे. त्यासाठी टीव्हीचा पिक्चर मोड आणि कन्सोलमधील ‘आरजीबी रेंज’ तपासावी. कन्सोल आणि टीव्ही यांपैकी एक ‘फुल’ आणि दुसरा ‘लिमिटेड’ असेल तर काळ्या छटा गिळल्या जातात किंवा सगळेच करडे होते.

म्हणून इथे निवड करायची ती फक्त क्षमतेची. हाय स्पीड केबल सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंत वाहून नेते. प्लेस्टेशन ३, साधा प्लेस्टेशन ४ आणि १०८०पी देणारा निन्टेंडोचा पहिला स्विच यांना ती पुरते. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा, एचडीआरसह (म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटांसह) हवे असेल तर १८ गिगाबिटची प्रीमियम हाय स्पीड केबल घ्यावी. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर ४के चित्र १२० वेळा हवे असेल तर ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड केबल लागते. ‘२.१ केबल’, ‘८के केबल’ हे शब्द पेटीवर कोणीही छापू शकतो. प्रमाणित केबलच्या पेटीवर क्यूआर कोडचे लेबल असते, ते एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने तपासता येते, आणि केबलच्या अंगावरही ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे शब्द छापलेले असतात. प्लेस्टेशन ५ बरोबर पेटीत मिळणारी केबल याच प्रकारची असते, त्यामुळे ती शाबूत असताना दुसरी घेण्याची गरज नाही. सेकंडहँड कन्सोल घेताना मात्र ती केबल बदललेली नाही ना, हे पाहावे.

टीव्हीचा पडदाच ६० हर्ट्झचा असेल तर ४८ गिगाबिटची केबल काहीही वाढवू शकत नाही. पडदा १२० हर्ट्झचा असला तरी पुष्कळ टीव्हींवर चारपैकी एकदोन छिद्रेच त्या वेगाची असतात, आणि कधी त्यांतल्याच एकात साउंडबार लावलेला असतो. शिवाय ते छिद्र सेटिंगमधून मोकळे करावे लागते. सॅमसंगवर त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीवर ‘एचडीएमआय डीप कलर’ आणि सोनीवर ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’. हे बंद असताना केबलला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बटण दाबल्यानंतरचा उशीर कमी करणारा टीव्हीचा गेम मोडही याच वेळी सुरू करावा.

केबल खरोखर काय वाहून आणते आहे, ते प्लेस्टेशन ५ स्वतःच सांगतो. सेटिंगमध्ये ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’, मग ‘व्हिडिओ आउटपुट’ आणि त्यातील माहितीचे पान उघडावे. तिथे रिझोल्यूशन, हर्ट्झ आणि रंगाचा प्रकार लिहिलेला असतो. १२० हर्ट्झला ४के एचडीआर चित्र चालू असताना तिथे ‘वाययूव्ही ४२२’, म्हणजे रंगाची माहिती थोडी कमी करून पाठवलेले चित्र, दिसेल. त्यामागची सेकंदाला ३२ गिगाबिटची मर्यादा कन्सोलची आहे, आणि याहून भारी केबलने ती ओलांडता येत नाही. चित्र मधूनच काळे होत असेल तर तिथलाच ‘४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ एक पायरी खाली आणून पाहावा. त्याने दोष गेला तर केबल किंवा मधले उपकरण कमी पडते आहे हे सिद्ध होते. एक्सबॉक्सवर हेच काम ‘४के टीव्ही डिटेल्स’ हे पान करते.

लांबी शक्य तितकी कमी ठेवावी. ४८ गिगाबिटसाठी साधी तांब्याची केबल दोन-तीन मीटरच्या आत असलेली बरी. टीव्ही भिंतीवर आणि कन्सोल खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर प्रकाशतंतूंची केबल घ्यावी. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेले टोक कन्सोलकडे आणि ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’ लिहिलेले टोक टीव्हीकडे. उलट जोडल्यास काहीच दिसत नाही. ती टोकाला काटकोनात दुमडू नये. फर्निचरवाला भिंतीवर पॅनेल ठोकण्याआधी ही केबल जमिनीवर तशीच पसरून, सर्वांत जड सेटिंगवर एखादा गेम तासभर चालवून पाहावा, आणि पाइपमध्ये ओवताना तिच्याबरोबर एक मजबूत नायलॉनची दोरीही मोकळी सोडून द्यावी, म्हणजे पुढे केबल बदलायची झाल्यास पॅनेल फोडावे लागत नाही.